सायटिका : पडून राहू नका
कंबरेतून पोटरीपर्यंत कळ उतरते, मुंग्या येतात. दुखतो पाय, पण दबलेली असते मणक्यालगतची शीर. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण महिनाभर पडून राहूनच आलेले असतात. पट्टा तर प्रत्येकाकडे असतोच! पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात. सपाट जागी रोज थोडे थोडे चालावे. पालथे झोपून, कोपरे टेकवून छाती हळूहळू उचलावी. कळ पायातून कंबरेकडे सरकली, तर कंबर जरा दुखली तरी व्यायाम सोडू नये. खाली पोटरीत उतरू लागली, तर थांबवावा. उतारवयात चालताना पाय भरून येऊन वाकल्यावर बरे वाटत असेल, तर पालथे न होता उताणे पडून गुडघे पोटाशी घ्यावेत. पाऊल लुळे पडले, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.