टक्कर कां चुकते?

संगणकावर खेळ खेळणें निराळें आणि खेळ रचणें निराळें. खेळणाऱ्यास चेंडू व भिंत दिसतात. रचणाऱ्यास मात्र त्या दोहोंचा स्पर्श केव्हां झाला, हें यंत्रास सांगावें लागतें. विद्यार्थ्यांनीं रचलेल्या खेळांत पुष्कळ तक्रारी याच ठिकाणीं उत्पन्न होतात, आणि “संगणक बिघडला” असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो बहुधा खोटा असतो.

विद्यार्थिमित्रहो, प्रथम हें ध्यानांत ठेवा कीं, यंत्रास डोळे नाहींत. त्याच्यापुढें केवळ आंकडे असतात, आणि तेही तुटक क्षणांचे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेली ‘स्क्रॅच’ ही भाषा घ्या. तिचा रंगमंच ४८० एकक रुंद व ३६० एकक उंच असून मध्यबिंदु शून्य आहे. खेळाचें चित्र सेकंदास सुमारें ३० वेळां नव्यानें काढलें जातें. दोन चित्रांच्या मध्यंतरीं काय घडलें, हें यंत्र पाहत नाहीं. आतां एकेक दोष पाहूं.

पहिला दोष, आरपार जाणें. समजा, भिंत आडव्या अक्षावर २०० पासून २१० पर्यंत आहे. चेंडूची त्रिज्या ४ असून तो दर चित्रास ३० एकक सरकतो. एका चित्रांत त्याचा मध्य १९० वर, म्हणजे उजवी कड १९४ वर आहे, स्पर्श नाहीं. पुढील चित्रांत मध्य २२० वर, डावी कड २१६ वर. तरीही स्पर्श नाहीं. दोन्ही उत्तरें बरोबर, पण चेंडू मात्र पार! भिंतीची जाडी १० व चेंडूचा व्यास ८ मिळून १८ होतात. प्रत्येक पाऊल याहून लहान हवें. ३० एककांचीं १५ एककांचीं दोन पावलें करून प्रत्येकानंतर तपासल्यास, मध्य २०५ वर येतांच टक्कर सांपडते.

दुसरा दोष, चिकटून थरथरणें. “स्पर्श झाल्यास दिशा उलट कर” एवढाच नियम असतो. चेंडू भिंतींत शिरल्यावर धडकेनें त्याचा वेग कमी झाला, तर पुढच्या चित्रांतही तो आंतच राहतो आणि दिशा पुन्हां उलटते. म्हणून प्रथम त्यास भिंतीबाहेर, म्हणजे मध्य १९६ च्या अलीकडे, आणावें व मग दिशा बदलावी.

तिसरा दोष, गुणांची अतिवृष्टि. अर्धा सेकंद स्पर्श टिकला, तर सुमारें १५ वेळां तपासणी होते व एका गुणाऐवजीं १५ गुण मिळतात. स्पर्शाच्या आरंभींच गुण द्यावा आणि स्पर्श सुटेपर्यंत दुसरा देऊं नये.

चौथा दोष, न लागतां लागणें. गोल वस्तूंभोंवतीं चौकोन कल्पून टक्कर ठरविल्यास हा घडतो. प्रत्येकी १० त्रिज्येचीं दोन वर्तुळें घ्या. त्यांच्या मध्यांत आडवें अंतर १६ व उभें अंतर १६ आहे. चौकोन एकमेकांत शिरतात. पण २५६ व २५६ मिळून ५१२ होतात, आणि त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग ४०० च आहे. अर्थात् वर्तुळें दूरच आहेत. पायथागोरसचा सिद्धांत कोठें उपयोगी पडतो, असें विचारणाऱ्यांस हें उत्तर पुरे.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. तो मुद्दाम पुन्हां घडवून आणावा. चेंडूचे आंकडे पडद्यावर दाखवून वहींत उतरावे. एका वेळीं एकच बदल करावा व नंतर सर्व खेळ पुन्हां तपासावा. वेग कमी करतांच दोष नाहींसा झाला, तर तो बहुधा पहिल्या जातीचा. परंतु वेग कमी करणें ही ओळख आहे, दुरुस्ती नव्हे. तेवढ्यावर थांबणाऱ्याचा दोष झांकला जातो आणि प्रदर्शनाच्या दिवशीं पाहुण्यांसमोर उघडा पडतो.

पालकांसही एक विनंति आहे. मुलानें स्वतः रचलेला खेळ दाखविल्यास “वेळ फुकट घालवलास” म्हणण्यापूर्वीं, “यांत काय चुकत होतें आणि तें तूं कसें शोधलेंस?” असें एकदां विचारून पाहावें. त्याला उत्तर नीट देतां आलें, तर गणिताचा एक धडा त्यानें घरींच पुरा केला असें समजावें.