परिसंवादाचे संचालन : प्रश्नापासून उत्तरापर्यंत

कृषी मेळावे, प्रदर्शने आणि परिषदा यांमध्ये परिसंवाद हा आता नित्याचा कार्यक्रम झाला आहे. मात्र अनेकदा त्यात संवाद कमी आणि भाषणेच अधिक असतात. स्वागत, दीपप्रज्वलन आणि सत्कार यांत पहिला अर्धा तास जातो, प्रत्येक वक्ता ठरलेल्या वेळेच्या दुप्पट बोलतो आणि शेवटी ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’ अशी घोषणा होते. दूरवरून आलेला शेतकरी आपला प्रश्न तसाच मनात घेऊन परततो. कीड मात्र पुढच्या परिसंवादाची वाट पाहत नाही. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काउंटरवर विचारला जातो आणि शिफारस न तपासताच फवारणी होते. म्हणून परिसंवादाचे संचालन हा केवळ शिष्टाचाराचा भाग नसून कृषी विस्ताराचे ते एक महत्त्वाचे कौशल्य आहे.

येथे निवेदक आणि चर्चासंचालक यांच्या भूमिकांतील फरक स्पष्ट असावा. निवेदक कार्यक्रम पुढे नेतो, तर चर्चासंचालक विचार पुढे नेतो. श्रोत्यांचा प्रश्न तज्ज्ञापर्यंत नेणे आणि तज्ज्ञाचे उत्तर शेतात वापरता येईल अशा रूपात श्रोत्यांपर्यंत परत आणणे, हे त्याचे मुख्य काम होय.

पुणे येथील प्रयोगाचा धडा

संघटित चर्चेने शेतकऱ्याच्या ज्ञानात किती भर पडते, याचा एक महत्त्वाचा पुरावा मराठी मुलखातच मिळाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘रेडिओ ग्रामीण मंच’ हा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत मंच स्थापन करण्यात आले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. गावातील सुमारे वीस जण एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. मंचाचा निमंत्रक चर्चेचा वृत्तांत व अनुत्तरित प्रश्न केंद्राकडे पाठवी आणि पुढील प्रसारणांत त्यांची दखल घेतली जाई. १९४१ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या शेतकरी रेडिओ मंचाचा आदर्श या प्रयोगापुढे होता.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंच असलेली गावे, रेडिओ असूनही मंच नसलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंच असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात झालेली वाढ इतर दोन्ही गटांपेक्षा ठळकपणे अधिक होती. रेडिओवरील आवाज तोच होता, फरक होता तो चर्चेचा. तज्ज्ञाचे बोलणे कानावर पडणे पुरेसे नसते. ते चर्चेत उलटसुलट तपासले गेले, तरच निर्णयापर्यंत पोहोचते. आजच्या परिसंवादालाही हेच तत्त्व लागू पडते.

उदाहरण : भिलाई येथील भात परिसंवाद

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे आणावे, हे समजण्यासाठी एक उदाहरण कल्पू. भिलाई येथे छत्तीसगड आणि पूर्व विदर्भातील भात उत्पादकांसाठी तपकिरी तुडतुड्यांवर परिसंवाद भरवायचा आहे. हे स्थळ अशा चर्चेला सोयीचे आहे. गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई ही सर्व गावे मुंबई–हावडा रेल्वेमार्गावर आहेत. भिलाईचे नाव पोलाद कारखान्यामुळे देशभर झाले असले, तरी सभोवतालच्या दुर्ग जिल्ह्यात भात हेच खरिपाचे प्रमुख पीक आहे. मराठी मुलखाशी या भागाचा संबंधही जुना आहे. १९५५ मध्ये कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा हा प्रदेश ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. आज दोन्ही बाजूंचे शेतकरी वेगळ्या राज्यांत असले, तरी तुडतुड्यांना राज्याची सीमा ठाऊक नाही.

विषय प्रश्नाच्या रूपात मांडावा

‘भातावरील कीड व्यवस्थापन : आव्हाने आणि संधी’ असा विषय ठेवल्यास प्रत्येक वक्ता आपले जुने भाषण घेऊन येतो. त्याऐवजी ‘तुडतुडे दिसू लागल्यावर पहिल्या आठ दिवसांत शेतकऱ्याने काय करावे आणि काय टाळावे?’ असा प्रश्न ठेवावा. प्रश्न जितका नेमका, तितके वक्त्याला भरकटणे अवघड जाते. हा प्रश्न निमंत्रणपत्रिकेत छापावा आणि व्यासपीठामागील फलकावरही लिहावा.

वक्त्यांची निवड व पूर्वचर्चा

चारपेक्षा अधिक वक्ते नसावेत. या उदाहरणात रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातील एक कीटकशास्त्रज्ञ, सिंदेवाही येथील विभागीय कृषी संशोधन केंद्रातील एक शास्त्रज्ञ, दुर्ग जिल्ह्यातील एक शेतकरी आणि गोंदिया जिल्ह्यातील एक महिला शेतकरी अशी रचना योग्य ठरेल. रोवणीपासून निंदणीपर्यंत चुडाच्या सर्वांत जवळ महिलाच असतात. त्यांचे निरीक्षण व्यासपीठावर आले नाही, तर चर्चा अपुरी राहते.

शेतकरी वक्ता शोभेसाठी बोलावू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या शेतातील वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि त्यांतून एचएमटी हा भाताचा वाण निवडला. पुढे तो छत्तीसगडातही पोहोचला. हे काम त्यांनी शेतातील निरीक्षणाच्या बळावर केले होते. म्हणून चर्चासंचालकाने शेतकऱ्याला ‘आपले मनोगत सांगा’ असे न म्हणता ‘तुडतुडे प्रथम शेताच्या कोणत्या भागात दिसले? त्या वेळी पाणी किती होते? युरिया केव्हा दिला होता?’ असे विचारावे.

कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधी प्रत्येक वक्त्याशी दहा मिनिटे स्वतंत्र बोलावे. त्यात तीन गोष्टी जाणून घ्याव्यात : श्रोत्यांनी घरी न्यावी अशी एक बाब कोणती, वक्त्याचा इतरांशी मतभेद कोठे संभवतो आणि कोणत्या मुद्द्यावर त्याच्याजवळ आकडे आहेत. पहिला प्रश्न वक्त्याला आधी सांगावा, पुढचे प्रश्न सांगू नयेत. पाठ केलेली उत्तरे चर्चेला निर्जीव करतात.

शब्दांचा सांधा

सीमाभागातील परिसंवादात शब्दांमुळे मोठा घोटाळा होऊ शकतो. छत्तीसगडात तपकिरी तुडतुड्यांना ‘भूरा माहो’ म्हणतात. ‘माहो’ कानी पडताच मराठी शेतकऱ्याला ‘मावा’ आठवतो. मावा ही वेगळी कीड आहे. हा घोळ वेळीच दूर झाला नाही, तर चुकीच्या किडीचा उपाय घेऊन शेतकरी घरी जाईल. गादमाशीला तेथे ‘गंगई’ म्हणतात, तर खोडकिड्याला ‘तनाछेदक’. पूर्व विदर्भातील ‘पऱ्हे’ छत्तीसगडात ‘थरहा’ होतात आणि कोकणात ‘तरवा’. अशा आठ-दहा शब्दांची दुभाषी यादी मोठ्या अक्षरांत सभागृहात लावावी. वक्त्याने अनोळखी शब्द वापरताच चर्चासंचालकाने न संकोचता त्याचा प्रतिशब्द उच्चारावा. किडीचे छायाचित्र पडद्यावर ठेवल्यास शंकेला जागा उरत नाही.

वेळेचे अंदाजपत्रक

९० मिनिटांच्या परिसंवादासाठी पुढील विभागणी उपयुक्त ठरते :

• प्रास्ताविक आणि मुख्य प्रश्न : ५ मिनिटे
• चार वक्त्यांचे प्राथमिक मत, प्रत्येकी ५ मिनिटे : २० मिनिटे
• वक्त्यांची आपसांतील चर्चा : २५ मिनिटे
• श्रोत्यांचे प्रश्न : ३० मिनिटे
• निष्कर्षांचे वाचन : १० मिनिटे

सत्कार या वेळेत धरू नयेत. वक्त्यांचा परिचय दोन वाक्यांत संपवावा. वेळ संपत आल्याची खूण म्हणून पिवळे व लाल कार्ड वापरावे आणि त्याची कल्पना सर्व वक्त्यांना आधीच द्यावी. ज्येष्ठ वक्त्याला थांबवणे अनेकांना अवघड वाटते. अशा वेळी त्याच्याच वाक्याचा आधार घ्यावा. ‘सर, आपण नत्राच्या अतिवापराचा मुद्दा मांडलात. यावर ताईंचा अनुभव ऐकू या,’ असे म्हटल्यास वक्त्याचा मान राहतो आणि चर्चाही पुढे सरकते.

मोघम उत्तर नेमके करून घेणे

‘एकात्मिक व्यवस्थापन करावे’ हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. येथे चर्चासंचालकाचे कसब लागते. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीजवळ राहून रस शोषतात. म्हणून त्याने विचारावे : पाहणी पानांवर करायची की बुंध्याशी? किती चुडांची करायची? एका चुडात किती तुडतुडे आढळल्यास फवारणीचा निर्णय घ्यावा? बांधीतील पाणी किती दिवस काढून ठेवावे? लागवडीत मोकळे पट्टे ठेवले असल्यास फवारा बुंध्यापर्यंत कसा पोहोचतो? कोणत्या गटातील कीटकनाशकांमुळे तुडतुडे उलट वाढतात? सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होऊ शकतो, ही गोष्ट शास्त्रज्ञाच्या तोंडून स्पष्टपणे आली, तर त्या एका वाक्यासाठीही परिसंवाद सार्थकी लागतो.

मतभेद आणि विषयांतर

दोन शास्त्रज्ञांची मते भिन्न असणे ही अडचण नसून संधी आहे. मतभेद झाकू नये. तो जमिनीमुळे आहे, वाणामुळे आहे की हंगामामुळे, हे दोघांनाही विचारावे. ‘आपली शिफारस कोणत्या परिस्थितीत लागू पडणार नाही?’ हा प्रश्न बहुधा दोन्ही मतांना आपापली जागा मिळवून देतो.

विषयांतराची तयारीही आधीच ठेवावी. छत्तीसगडात २०२३-२४ च्या हंगामापासून एकरी २१ क्विंटलपर्यंत धान खरेदी होते आणि शेतकऱ्याला क्विंटलमागे ३१०० रुपये मिळतात. विदर्भातील शेतकरी सभागृहात असतील, तर दराची तुलना निघणारच. तो प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, त्याला ‘विषयाबाहेरचा’ म्हणून झिडकारू नये. फलकाच्या एका कोपऱ्यात ‘नंतरचे प्रश्न’ असा रकाना आखून तो सर्वांसमक्ष लिहावा, संबंधित विभागाकडे कोण पाठवील ते सांगावे आणि मूळ प्रश्नाकडे वळावे. आपले म्हणणे नोंदले गेले, हे दिसल्यावर श्रोता शांतपणे पुढे ऐकतो.

श्रोत्यांचा सहभाग

ध्वनिक्षेपक हाती येताच काही जण प्रश्नाऐवजी भाषण करतात, तर ज्यांना खरोखर विचारायचे असते ते मागच्या रांगेत गप्प राहतात. यावर सोपा उपाय म्हणजे चिठ्ठ्या. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यावी. लिहिण्यास अडचण असलेल्यांसाठी दोन स्वयंसेवक नेमावेत. प्राथमिक मते चालू असतानाच चिठ्ठ्या गोळा करून सारख्या प्रश्नांचे गट करावेत. पहिला प्रश्न महिला किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याचा घ्यावा, म्हणजे इतरांचाही संकोच गळून पडतो. प्रश्न विचारून झाल्यावर तो एका वाक्यात पुन्हा सांगावा आणि ‘हेच विचारायचे होते ना?’ अशी खात्री करून मगच वक्त्याकडे सोपवावा.

परिसंवाद संपल्यानंतर

शेवटच्या दहा मिनिटांत चर्चासंचालकाने स्वतःचे मत न मांडता चर्चेतून निघालेल्या चार-पाच कृती वाचून दाखवाव्यात आणि वक्त्यांकडून तेथेच दुरुस्त करून घ्याव्यात. अनुत्तरित प्रश्नांची यादी करावी. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर देणाऱ्या संस्थेचे नाव व मुदत लिहावी आणि आठ दिवसांत लेखी उत्तरे कृषी विज्ञान केंद्रे, कृषी सहायक व शेतकरी गटांच्या व्हॉट्सॲप समूहांपर्यंत पोहोचवावीत. पुणे येथील मंचांचा निमंत्रक वृत्तांत पाठवून चर्चा जिवंत ठेवीत असे. तेच काम आज अधिक सुलभ झाले आहे.

परिसंवादाचे यश टाळ्यांवर किंवा उपस्थितीच्या आकड्यावर मोजू नये. महिनाभराने दहा सहभागी शेतकऱ्यांना दूरध्वनी करून ‘पाहणी कोठे केली? फवारणीचा निर्णय कशावरून घेतला?’ एवढेच विचारावे. दहापैकी सहा जणांनी चुडाच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे मोजले असतील, तर संचालन उत्तम झाले असे खुशाल समजावे.