पोटाचे डायलिसिस घरी करताना पाणी अडले, गढूळ आले, टोपी पडली तर?

गेल्या पावसाळ्यात, रविवारी रात्री, वस्तीतल्या एका घरातून आम्हाला बोलावणे आले. घरातले आजोबा पोटाच्या डायलिसिसवर. शनिवारपासून पोटातून निघणारे पाणी ताकासारखे गढूळ येत होते. सून म्हणाली, "ताई, खोकं नवीन फोडलं होतं, वाटलं पिशवीच तशी असेल. मोरीत ओतून दिलं." सोमवारी ओपीडी उघडली की जाऊ, म्हणजे मुलाचा एकच खाडा पडेल, असा घरचा हिशेब होता. तोवर पोटात जंतू पसरले. आजोबा वाचले, पण नळी काढावी लागली. आता आठवड्यातून दोनदा मशीनच्या डायलिसिसला न्यावे लागते आणि प्रत्येक वेळी मुलाचा खाडा होतो.

घरच्यांना दोष द्यायला हे सांगत नाही. पिशवी कशी लावायची हे त्यांना शिकवले होते. बिघाड कसा ओळखायचा, हे मात्र पक्के झाले नव्हते. ते आज शिकू.

सामान ओळखा

हाताने करायच्या या डायलिसिसला वीज लागत नाही. पोटात बसवलेली मऊ नळी म्हणजे कॅथेटर. तिला जोडलेली छोटी नळी म्हणजे ट्रान्सफर सेट. तिच्यावर फिरवून बंद करायचा क्लॅम्प असतो आणि टोकाला औषध लावलेली टोपी. बहुधा दोन लिटरची पिशवी, दिवसातून तीन-चार वेळा. आधी जुने पाणी बाहेर, मग नवे आत. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास. पाणी फक्त उतारामुळे वाहते, हे लक्षात ठेवले की निम्मे बिघाड घरीच उमगतात.

पाणी बाहेर येत नाही

घाबरू नका, क्रमाने बघा. क्लॅम्प उघडला आहे का? नळी परकराच्या नाडीखाली किंवा पँटच्या पट्ट्याखाली दुमडली आहे का? रिकामी पिशवी पोटाच्या खाली, जमिनीवर आहे का? मग कूस बदला, उठून बसा, चार पावले चाला.

एवढ्याने जमले नाही तर विचारा, शौचाला कधी झाली? बद्धकोष्ठ हे पाणी अडण्याचे फार मोठे कारण आहे. भरलेले आतडे नळीला दाबते किंवा जागेवरून सरकवते. पण दुकानातले चूर्ण किंवा जुलाबाचे औषध मनाने देऊ नका. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला त्यातले काही क्षार घातक ठरतात. डॉक्टरांकडूनच औषध लिहून घ्या.

पाण्यात पांढरे धागे दिसले तर तो फायब्रिन. तो नळीत अडकतो. त्यावर रुग्णालयात औषध मिळते, फोन करून कळवा. नळीत तार घालणे किंवा सुईने पाणी जोरात मारणे कधीही नको.

पाणी बाहेर न येता नवी पिशवी भरू नका. आत दोन लिटर असताना आणखी दोन गेले तर पोट ताणते, दम लागतो.

पाणी आत जात नाही

पिशवी खांद्याच्या वर टांगली आहे का? पिशवीच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खूण असते, ती पूर्ण मोडली आहे का? बहुतेक वेळा तीच अर्धवट राहिलेली असते. पाणी आत जाताना पोटात कळ आली तर वेग कमी करा. पाणी गार असले तरीही कळ येते.

पिशवी कोरड्या उबेनेच कोमट करा, बाहेरचे वेष्टण न काढता. गरम पाण्यात बुडवू नका, तोंडाशी ओल राहून जंतू शिरतात. गॅसवर, तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्येही नको.

पाणी गढूळ आले

भरलेल्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरे वाचता आली तर पाणी स्वच्छ. रात्रभर राहिलेले पाणी जरा जास्त पिवळे असते, ते चालते. अक्षरे दिसली नाहीत तर पोटात जंतू झाले असे धरून चाला, पोट दुखत नसले, ताप नसला तरी. पिशवी फेकू नका. ती सोबत घ्या आणि त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, रुग्णालय गाठा. त्याच पाण्याच्या तपासणीवरून औषध ठरते. घरातली जुनी अँटिबायोटिकची गोळी देऊ नका.

पाणी किंचित गुलाबी आले तर फोन करा. पाळीच्या दिवसांत किंवा जड हंडा उचलल्यावर असे होते. लालभडक असेल तर थांबू नका.

टोपी पडली, टोकाला हात लागला

ट्रान्सफर सेटचा क्लॅम्प लगेच बंद करा. नवी टोपी लावा. पुढची पिशवी लावू नका, रुग्णालयात जा. तिथे सेट बदलतात आणि औषध देतात. पडलेली टोपी पुसून परत लावणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे. कॅथेटरच चिरला किंवा सेट निसटला, तर चिरेच्या अलीकडे, पोटाच्या बाजूला क्लॅम्प लावा, स्वच्छ गॉज गुंडाळा आणि निघा.

बिघाड होऊच नये म्हणून

खोकी जमिनीवर नकोत. फळीवर ठेवा. पावसाचे पाणी आणि उंदीर दोन्ही टळतात. प्रत्येक पिशवी लावण्याआधी तारीख बघा, दाबून गळती बघा. गळकी पिशवी वापरू नका. नळाला पाणी नसेल तर दुसऱ्याने मगाने पाणी ओतावे, आपण साबणाने हात धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे, ठाऊक आहे. पण तेवढा वेळ पोरांना शेजारी पाठवता येते.

वहीत रोज वजन, आत गेलेले आणि बाहेर आलेले पाणी लिहा. बाहेर सतत कमी येत असेल, पाय सुजत असतील, दम लागत असेल तर ती वही घेऊन दाखवायला जा.

खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला आणि पोटाच्या डायलिसिससाठीच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. आपल्या जिल्ह्यात काय मिळते, हे विचारणे आपला हक्क आहे.

शेवटचे एक. टोपी पडली हे सांगितले तर सिस्टर ओरडतील, म्हणून लपवणारे अनेक जण आम्ही वॉर्डात पाहिले. ओरडू दे. ओरडणे ऐकून माणूस घरी परत येतो. डायलिसिस विभागाचा नंबर आजच भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या निदान दोघांना हे पान वाचून दाखवा.