लाइट घ्यायला जाताना पाणी मोजून प्या

कनेरगाव नाक्याहून एका मुलाचं पत्र आलंय. आईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता पाच आठवडे लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला सांगितलीय. एका दवाखान्यात ‘आयजीआरटी करू’ म्हणाले, दुसऱ्यात ‘साधं रेडिएशन पुरेल’. महागडं घेतलं तर आई नक्की बरी होईल का, त्यासाठी एकरभर रान विकू का, असं तो विचारतो.

रान विकायची घाई करू नका. आयजीआरटी म्हणजे काही वेगळी किरणं नव्हेत. किरणं सोडण्याआधी टेबलावर झोपलेल्या रुग्णाचा तिथल्या तिथे एक्स-रे किंवा छोटा सीटी स्कॅन काढतात, नियोजनाच्या वेळच्या स्कॅनशी तो ताडून पाहतात आणि काही मिलिमीटरचा फरक दिसला तरी टेबल सरकवून घेतात. हा खटाटोप एवढ्यासाठी की, ओटीपोटातले अवयव रोज एका जागी नसतात. मूत्राशय भरलं की आजूबाजूचं सगळं सरकतं, गुदाशयात गॅस असला की पुन्हा वेगळीकडे सरकतं. ही हालचाल दिसत नसली की नेम चुकायला नको म्हणून चहूबाजूंनी जास्तीच्या जागेवर किरणं द्यावी लागतात आणि त्या जास्तीच्या जागेत आतडी सापडतात.

याचा फायदा किती, हे आपल्याच राज्यात तपासलं गेलंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच, म्हणजे ऑपरेशन झालेल्या 300 बायकांचा अभ्यास केला. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचं त्रिमितीय रेडिएशन दिलं, काहींना रोज प्रतिमा पाहून, म्हणजे आयजीआरटीच्या पद्धतीने, आयएमआरटी (जागेनुसार किरणांची तीव्रता कमी-जास्त करणारं रेडिएशन). तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास नेहमीच्या पद्धतीत सुमारे 42 टक्के बायकांना झाला, नव्या पद्धतीत 21 टक्क्यांना. कॅन्सर आटोक्यात राहण्याचं प्रमाण मात्र दोन्हींकडे जवळपास सारखंच निघालं. ही दुसरी गोष्ट जाहिरातीत कुणी छापत नाही. म्हणून माझं मत असं: आयजीआरटी वेळेत आणि परवडेल अशी मिळत असेल तर जरूर घ्या, पुढचा बराच त्रास वाचेल. पण तिच्यासाठी महिनोन्‌महिने नंबर लावून बसणं किंवा कर्जात बुडणं शहाणपणाचं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन आहे. त्या दवाखान्याला कोणतं पॅकेज मंजूर आहे, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

मशीन कितीही चांगलं असलं तरी रोज त्याच अवस्थेत टेबलावर येणं रुग्णाच्याच हातात असतं. आणि इथेच गाडी अडते. आपल्याकडच्या बायका एसटीत बसायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण स्टँडवरच्या मुताऱ्यांची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. मग ती माउली सुकलेल्या घशाने मशीनवर येते, घाईघाईने बाटलीभर पाणी पिते, स्कॅनमध्ये मूत्राशय रिकामंच दिसतं. तंत्रज्ञ तिला खाली उतरवतो, ‘मावशी, बसा अर्धा तास’ म्हणतो, तिला मात्र आपलं काहीतरी बिघडलं असं वाटतं. काही बिघडलेलं नसतं. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या. दवाखान्यात लघवी करून मूत्राशय रिकामं करा, सांगितलं तेवढंच पाणी सांगितलेल्या वेळेत प्या आणि मग लाइट होईपर्यंत लघवीला जाऊ नका. पोट साफ होत नसेल तर लाजू नका, पहिल्याच दिवशी सांगा.

हळदीबद्दल जरा कठोर बोलतो. तुमच्या हिंगोली जिल्ह्यात घरोघर हळद, त्यामुळे कातडी काळवंडली की हळद-तेल चोपडायचा मोह होणारच. लाइटच्या जागी हळद, तेल, चंदन काहीही लावू नका, कातडीवरच्या खुणा घासू नका. जेवणातली चिमूटभर हळद चालते. हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

पाच आठवडे कनेरगावहून रोज ये-जा करायचा हट्ट धरू नका. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेची चौकशी समाजसेवकाकडे करा. उपचारासाठी रेल्वेने जायचं असेल तर दवाखान्याच्या दाखल्यावर स्लीपर आणि थ्री-एसीत कॅन्सरच्या रुग्णाचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. हळद शिजवायला आली, पुतण्याचं लग्न निघालं, म्हणून आठवडाभर खाडा करणं सगळ्यात महागात पडतं. चुकलेले दिवस भरून काढता येतात, पण पूर्ण नाही. हो, आणि बाहेरून लाइट घेतलेल्या आजीने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. तिच्या अंगात किरणं उरत नाहीत.

ताप, न थांबणारे जुलाब, रक्तस्राव किंवा लघवी अडणं, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लाइट संपल्यावर किती मात्रा, कुठे, कोणत्या तारखांना दिली याचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. आतड्यांचा त्रास कधी कधी वर्ष-दोन वर्षांनी उपटतो. तेव्हा शौचातून रक्त दिसलं की घरचे मूळव्याध समजून थेट पाटी लावून बसलेल्याकडे नेतात. तसं करू नका. तो कागद घेऊन आधी रेडिएशनच्या डॉक्टरांकडे जा.