अठ्ठेचाळीस व्होल्टांची जोडणी

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले. झाडे उन्मळली, तारा तुटल्या आणि अनेक गावे काळोखात बुडाली. अशा वेळी दूरध्वनी केंद्रातील यंत्रे तत्काळ बंद पडत नाहीत. कारण त्यांना बॅटऱ्यांचा आधार असतो. प्रत्येकी २ व्होल्टांचे २४ घट एकसर जोडणीत ठेवले की ४८ व्होल्ट मिळतात. हा दिष्ट प्रवाह होय. कारागीर यालाच डीसी म्हणतात. येथे धन ध्रुव भूमीस जोडतात. दमट जागी धन तारेचे तांबे झिजते, ऋण तार टिकते. म्हणून यंत्रावर 'उणे ४८' असे लिहिलेले असते.

घरच्या २३० व्होल्टांहून हे थोडे, म्हणून निर्धास्त राहावे काय? नाही. ४८० वॅटचे यंत्र २३० व्होल्टांवर सुमारे २ अँपिअर घेते, तर ४८ व्होल्टांवर १० अँपिअर. म्हणून तार जाड हवी. सैल सांध्याचा रोध ०.१ ओहम जरी असला, तरी तेथे १० वॅट उष्णता साठू लागते. शिवाय घरचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. दिष्ट प्रवाह शून्यावर येत नाही. ठिणगी जळत राहते.

आता जोडणीचा क्रम पाहू. प्रथम हातातील अंगठी, कडे, घड्याळ उतरावे. सर्किट ब्रेकर बंद करून तो कोणी पुन्हा सुरू करणार नाही अशी कुलपाची व्यवस्था करावी. अनेक यंत्रांना दोन पुरवठे असतात. एक बंद केल्याने दुसरा बंद होत नाही. तारांच्या रंगावर विसंबू नये, मीटरने शून्य व्होल्ट असल्याची खात्री करावी. मग आधी भूमीची तार, नंतर धन परतीची, आणि शेवटी उणे ४८ ची तार जोडावी. स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या बळानेच आवळावेत. ब्रेकर लावण्यापूर्वी ध्रुव पुन्हा तपासावेत. सोडविताना क्रम नेमका उलटा. भूमीची तार सर्वांत शेवटी निघते.

हे काम शिक्षित कारागिराचे आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करू नये. परंतु आमच्या तुये गावी शासनाने इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत योजिली आहे. उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती पाना येईल, तेव्हा घाई न करता हा क्रम आठवावा. भूमीची तार जो आधी जोडतो, तो आपल्यामागून येणाऱ्या कारागिराचाही जीव राखतो.