धुण्याआधी बघा

वाळवंटातल्या लांब रॅलीत बहुधा मधे एक दिवस आरामाचा असतो. तो आराम चालकाचा. मेकॅनिकला सगळ्या रॅलीत त्या दिवसाइतकं काम कधीच नसतं. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच वाळूत मोडल्या हे खरं, पण त्यांच्या दुखण्याची सुरुवात कित्येकदा याच दिवशी, जागेवर उभ्या असताना झालेली होती.

मी मंडीदीपचा. आमच्याकडे ट्रॅक्टरचा कारखाना आहे आणि आजूबाजूला रायसेन जिल्ह्याची गव्हाची शेतं आहेत, त्यामुळे इंजिनात शिरलेली धूळ काय करते हे इथल्या मिस्त्र्याला वेगळं शिकवावं लागत नाही. कापणीच्या दिवसांत एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झालेला ट्रॅक्टर पुढच्या पेरणीला धूर ओकत येतो. या कामाच्या जोरावरच राजस्थानातल्या रॅल्यांमध्ये मी सर्व्हिस टीमबरोबर जात आलो. आता भोपाळची आणि इथली मुलं थार नाहीतर जुनी जिप्सी घेऊन जैसलमेरला जायला निघतात आणि निघण्याआधी भेटून जातात. पुण्याचे संजय टकले 2025 साली सौदी अरेबियातल्या डाकार क्लासिकमध्ये उतरले, तेव्हापासून तर या मुलांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आहे. टायर कुठले घ्यावेत, शॉकअब कुठले बसवावेत हे सगळे विचारतात. आरामाच्या दिवशी काय करायचं, हे कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

जैसलमेरजवळच्या मुक्कामात आमच्या शेजारच्या तंबूत एक जिप्सी होती. चालक हुशार, गाडी तगडी. आदल्या संध्याकाळी आली ती थेट धुवायला गेली. सकाळी एका पोराने एअर फिल्टरचा डबा उघडला, जुना फिल्टर काढला, नवा ठेवला. तेवढ्यात त्याला टायर उतरवायला हाक आली. झाकण दुसऱ्याने लावलं. क्लिपा नीट बसल्या, बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. आत मात्र फिल्टरच्या कडेचं रबर एका कोपऱ्यात दुमडलं होतं. संध्याकाळपर्यंत गाडी चकचकीत उभी राहिली आणि ताडपत्रीखाली झाकली गेली. कोणी ती फिरवून आणली नाही.

दुसऱ्या दिवशी टेकड्या चढताना तिचा जोर कमी पडू लागला. चालकाला वाटलं, पेट्रोलमध्ये कचरा असेल. त्याच्या पुढच्या दिवशी निळा धूर सुरू झाला, तेल भराभर उतरू लागलं, आणि गाडी ओढून आणावी लागली. फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा पाइप काढून मी आत बोट फिरवलं. बोटावर पिठासारखी मऊ, तपकिरी धूळ आली. वाळूतला क्वार्ट्झ फार कठीण. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तो तेलात कालवला गेला की घासायच्या पेस्टचंच काम करतो. रिंगा झिजतात, दाब निसटतो, तेल वर चढून जळतं. त्या चालकाची वर्षभराची तयारी रबराच्या बोटभर दुमडीपायी वाया गेली. माणूस शांतपणे बाजूला जाऊन बसला. त्याचा तो चेहरा आठवला की आजही जीव तुटतो.

यातून मी जे धरून ठेवलं ते असं : जो उघडेल त्यानेच बंद करायचं. मधे हाक आली तरी हातातलं झाकण लागेपर्यंत जायचं नाही, आणि जावंच लागलं तर डबा उघडाच दिसेल असा ठेवून वर फडकं बांधायचं, म्हणजे दुसरा कोणी उगाच मदत करणार नाही. फिल्टरच्या पुढच्या पाइपात आतून ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. रोज संध्याकाळी पाइप सोडवून तिथे बोट लावा. ग्रीसला कण चिकटले असतील तर धूळ कुठून तरी आत येतेच आहे. कागदी फिल्टर टायरवर आपटून झटकू नका. हवा मारायचीच तर कमी दाबाने आणि आतून बाहेर. त्याहून चांगलं, नवा टाका. इंजिनाच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

आता धुण्याबद्दल. आल्या आल्या गाडी धुणं ही सगळ्यात मोठी घाई आहे, कारण गाडीवरची धूळच तुम्हाला दुखणं दाखवत असते. शॉकअबवर धूळ ओली होऊन थापली गेली असेल तर तो गळतो आहे. यू-बोल्टच्या नटाभोवती धूळ सुटून धातू चमकत असेल तर तो नट हलतो आहे. चाकाच्या नटाखालून गंजाची लाल रेघ आली असेल, ॲक्सलच्या रबरी बुटाभोवती ग्रीस उडालं असेल, तर तिथेही दुखणं आहे. हे सगळं पाण्याच्या एका फवाऱ्यात पुसलं जातं. म्हणून टॉर्च घेऊन आधी गाडीखाली झोपा, जिथे शंका येईल तिथे खडूने खूण करा, आणि मग धुवा. तेही हलक्या धारेने. जोराचा फवारा बेअरिंगच्या सीलमधून आणि वायरिंगच्या जोडांत पाणी घालतो. रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं गवत इंजिनाच्या बाजूने पुढे ढकलून काढा, समोरून मारलं तर ते आणखी आत रुततं.

चालक आला की झोपण्याआधी त्याच्याकडून आणि नॅव्हिगेटरकडून तक्रारी लिहून घ्या. सकाळपर्यंत निम्म्या विसरल्या जातात. कुठल्या गियरला आवाज येतो, ब्रेक कुठल्या बाजूला ओढतो, एवढं कळलं तरी दोन तास वाचतात. तक्रार नाही ते सहसा उघडू नका. वेळ आहे म्हणून गियरबॉक्स खोलून बघणारे मी पाहिले आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही.

सगळं उघडणं-जोडणं दुपारी तीनपर्यंत संपवा. त्यानंतर आयोजकांच्या नियमात बसत असेल तर गाडी दहा-पंधरा किलोमीटर धुळीच्या रस्त्यावर नेऊन आणा. रॅलीगणिक नियम वेगळे असतात, कुठे गाडी रात्री बंद आवारात ठेवावी लागते आणि मग तिला हात लावता येत नाही, म्हणून नियमांची पुस्तिका घरीच वाचून निघा. फिरवून आणल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. नव्याने बसवलेलं चाक थोडं चाललं की नट सैल पडू शकतात. तपासलेल्या नटावर रंगाची एक रेघ ओढा, नटावरून थेट चाकावर. पुढे रोज नुसत्या नजरेने कळतं, रेघ तुटली की नट फिरला. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. उन्हात तापलेल्या टायरचा आकडा फसवतो.

आणि मेकॅनिकला झोपू द्या, हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. 2025 च्या डाकार रॅलीत सौदीतल्या हाइलमध्ये 10 जानेवारीला आरामाचा एक दिवस मिळाला होता. फार पूर्वी ही रॅली आफ्रिकेत होती तेव्हा नायजरमधल्या अगादेझला असा मुक्काम पडायचा. असल्या मुक्कामांत बड्या संघांकडे पाळ्या लावता येतील इतकी माणसं असतात. आपल्याकडे दोघं-तिघं असतात, आणि तेच रात्रभर सर्व्हिसची गाडी चालवून आलेले असतात. ती रबराची दुमड जागरणाने जड झालेल्या डोळ्यांना दिसली नव्हती. आल्यावर आधी चार तास झोप, मग पाने हातात. जेवण मेकॅनिकला पहिलं द्या, चालकाला नंतर. चालक याला राजी असतात, फक्त कोणीतरी त्यांना ते सांगावं लागतं.

रॅली संपली तरी गाडी तशीच हजारेक किलोमीटर पळवत मंडीदीपला आणू नका. जैसलमेरलाच इंजिनाचं तेल आणि ऑइल फिल्टर बदला. जुनं तेल ओतून देण्याआधी त्याचा एक थेंब दोन बोटांत चोळून बघा. कचकच लागली, तर गाडी ट्रकवर चढवून आणा.