पहिली रोड सायकल : आधी माप, मग दाम



देवरीला सायकल नवी नाही. शाळेला, बाजाराला, कामाला जाणारी सायकल आपल्या घरोघरी होती, आजही आहे. पण आता आपली तरुण मुले-मुली व्यायामासाठी रोड सायकल घेऊ पाहत आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. विदर्भाच्या माणसाची अशी बातमी वाचली की उत्साह येतोच. मात्र पंधरा-पंचवीस हजार रुपये ही आपल्या घरात लहान रक्कम नाही. चुकीची सायकल घेतली तर ती महिनाभरात ओसरीत धूळ खात पडते. कधी सायकलीसोबत गुडघेदुखीही घरी येते. म्हणून हा पाठ.

खरेच हवी का?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. एवढ्यासाठी घरची जुनी सायकलही पुरते. सायकल चालवताना शरीराचा बराच भार सीटवर असतो, म्हणून धावण्यापेक्षा गुडघ्यांवर ताण कमी पडतो. आधी महिनाभर घरचीच सायकल नियमित चालवा. सवय टिकली आणि एका दमात २०-३० किलोमीटर जावेसे वाटू लागले, तर रोड सायकलचा विचार करा.

रोड सायकल म्हणजे खाली वळलेले हँडल, अरुंद टायर आणि हलकी चौकट. साधी काळी सायकल २० किलोच्या आसपास भरते, तर सुरुवातीची रोड सायकल साधारण १० ते १२ किलोची असते. तेवढ्याच पैशात जाड टायरची, शॉकअप लावलेली ‘गिअर सायकल’ही दुकानात दिसते. ती दिसायला रुबाबदार असते, पण डांबरी रस्त्यावर जड जाते. स्वस्त शॉकअप वजन वाढवतो आणि पायाचा जोर खातो.

माप कसे घ्यावे?

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. दोन पायांच्या मध्ये एक जाड वही घट्ट वर धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत इंचीटेपने मोजा. ही पायांची आतली उंची. तिला ०.६६ ने गुणले की चौकटीचे अंदाजे माप मिळते. समजा आतली उंची ७७ सेंटिमीटर आहे, तर ७७ × ०.६६ म्हणजे सुमारे ५१. अशा माणसाने ५० ते ५२ मापाची सायकल बसून पाहावी. कंपनीचा मापतक्ताही पाहावा, कारण प्रत्येकाची मोजण्याची रीत थोडी वेगळी असते.

सीटसाठी हीच उंची ०.८८ ने गुणा. ७७ ला सुमारे ६८ सेंटिमीटर येतात. पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढे अंतर ठेवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. फार वर असेल तर कंबर डोलते आणि गुडघ्यामागे ताण येतो. जड गिअर रेटत बसू नका. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरू द्या.

माप बसत नसेल तर सूट कितीही मोठी असो, ती सायकल सोडून द्या.

दुकानात काय पाहावे?

टायर : २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे घ्या. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांना २३ चा टायर परवडत नाही.

गिअर : मागे ७ किंवा ८ चकत्या सुरुवातीला पुरतात. शिमानोचे टूर्नी आणि क्लॅरिस हे सुरुवातीचे संच आहेत. सुटे भाग सहज मिळतील असाच संच निवडा.

व्हॉल्व्ह : अनेक रोड सायकलींना बारीक ‘प्रेस्टा’ व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाने त्यात हवा भरत नाही. छोटा अडॅप्टर आणि स्वतःचा पंप घ्या.

जुनी सायकल : चौकटीच्या जोडांवर तडा नाही ना, चाक सरळ फिरते ना, हे पाहा. पावती मागा. पावतीवरचा क्रमांक चौकटीवरील क्रमांकाशी जुळवून पाहा.

सगळे पैसे सायकलीतच घालू नका. पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. २५,००० असतील तर सायकल २०,००० चीच बघा. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप आणि दोन ट्यूब येतील. कर्ज काढून मात्र सायकल घेऊ नका.

आपले शरीर आधी ओळखा

पूर्व विदर्भात, आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तपासणी झाली नसेल तर सायकल घेण्याआधी शासकीय दवाखान्यात रक्त तपासून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला अतिश्रम, पाण्याची कमतरता आणि फार ऊन किंवा फार थंडी यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याने किती व्यायाम करावा हे डॉक्टरांनाच विचारावे. वाहक व्यक्ती एरवी निरोगी जगते. तरीही रणरणत्या उन्हात, पाणी न पिता, शर्यतीसारखे श्रम तिनेही करू नयेत. ही भीती घालण्याची गोष्ट नाही. माहिती असेल तर जपून आणि आनंदाने सायकल चालवता येते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर, मग सायकल.

रस्ता आणि वेळ

राष्ट्रीय महामार्ग ५३ देवरीतूनच जातो. त्यावर ट्रकांची रीघ असते. सरावासाठी महामार्ग निवडू नका. आमगाव किंवा चिचगडच्या दिशेचा कमी वर्दळीचा टप्पा बघा. उजाडल्यावर निघा आणि उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी परता. अंधारात जंगलपट्ट्यात जाऊ नका. डाव्या बाजूनेच चालवा. मागचा लाल दिवा दिवसाही सुरू ठेवा. सोबत पाणी असू द्या, आणि शक्यतो एक सोबती.

पहिल्या आठवड्यात १० किलोमीटर पुरे. पुढे दर आठवड्याला थोडे वाढवा.

या महिन्याचा अभ्यास : घरातील प्रत्येकाच्या पायांची आतली उंची मोजून वहीत लिहा, मुलींचीही. तिच्याखाली सिकलसेल तपासणीची तारीख लिहा. तारखेची जागा रिकामी राहिली, तर दुकानात जाण्याआधी दवाखान्यात जा.